उद्याचं पाणी

त्या वयात माझे पाय एका जागी ठरत नसत. जेवायला बसले तरी मांडी हलायची, उभी राहिले तरी टाच आपटायची, आणि आई भाकरी थापता थापता वर न बघताच म्हणायची, "पाय हलवू नको गं, भांडी वाजताहेत." भांडी खरंच वाजायची, पण त्यात माझ्या पायांचा दोष अर्धाच होता. आमच्या दोन खोल्या नगरपालिकेच्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला होत्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे रेडिओखोली होती. संध्याकाळी साडेसहाला आबा तिथं यंत्र तापवायला ठेवत, त्याची घरघर भिंतीतून आमच्याकडे उतरे आणि खिळ्याला टांगलेला झारा थरथरायला लागे. झारा थरथरला की आई चुलीवरून कालवण उतरवायची. घड्याळ आमच्याकडे होतं, पण ते कपाटावर झोपलेलं असायचं.

रेडिओखोली म्हणजे काय ते आता सांगावं लागेल, कारण माझ्या नातीला मी सांगितलं तेव्हा तिला ती थाप वाटली. जळगावहून धुळ्याला जाताना मध्ये लागणारं आमचं गाव, नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. या गावात नगरपालिकेनं नऊ ठिकाणी खांबांवर कर्णे लावले होते आणि त्या सगळ्यांच्या तारा आबांच्या खोलीत येत होत्या. सात वाजता आबा रेडिओवरच्या बातम्या कर्ण्यांवर सोडत. त्याआधीची पंधरा मिनिटं मात्र गावाची. कुणाची म्हैस हरवली, लस टोचायला कोण कधी येणार, कुठल्या गल्लीत कीर्तन आहे, कानबाईची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार, पुलावरचे दिवे का गेले, आणि सगळ्यात शेवटी 'उद्याचं पाणी'. म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठल्या गल्लीला किती वाजता नळ येणार, त्याची यादी. त्या यादीसाठी सगळं गाव कान देऊन बसे. लांबच्या कर्ण्यातला शब्द कानापर्यंत पोचायला एवढासा उशीर होई, त्यामुळे चौकात उभं राहिलं की प्रत्येक गल्लीचं नाव तीनदा ऐकू यायचं.

आबा ती पंधरा मिनिटं वीसेक वर्षं वाचत होते. माइकवर नखानं तीनदा टकटक करायचे आणि मग त्यांचा भरदार आवाज निघायचा. त्यांचा नियम एकच होता: झालेलं वाचायचं, नाहीतर सही असलेलं वाचायचं, तिसरं काही वाचायचं नाही. लोक म्हणायचे, आबा, आमच्या पोराचं लग्न ठरतंय, सांगा ना. आबा म्हणायचे, ठरू द्या. मग एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला तो बसलाच. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता हा आवाज असाच राहणार, शक्यतो कमी बोला. आबांनी कचेरीत सांगितलं, घसा धरलाय, पंधरा दिवस पोरगी वाचेल. पंधरा दिवसांचं वर्ष झालं. बारावी होऊन मी घरात येरझारा घालत होते, मला तो माइक मिळाला आणि आबांना ती खोली राहिली. खोली गेली तर आबांचं काय उरतं, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून घरात त्यांच्या घशाविषयी कुणी बोलत नसे. बोलायची वेळ आली तर आई त्यांच्या ताटात तूप वाढायची.

आणि मी? खोटं कशाला सांगू, मला ते फार चढलं. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, दिवसांत तर विचारूच नका. ज्वारी भिजत घालायची, धुवायची, शिजवायची, सगळा पाण्याचा कारभार, त्यामुळे कुठल्या गल्लीत बिबड्या कधी घालायच्या हे माझ्या यादीवर ठरायचं. तेली गल्लीतल्या काकू आईला भररस्त्यात अडवून म्हणाल्या, "तुमच्या पोरीला सांगा, आमचं पाणी जरा लवकर सोडत जा म्हणावं." आईनं शंभरदा समजावलं की ती फक्त वाचते, सोडणारा वॉलमन वेगळा असतो. काकू म्हणाल्या, "तेच हो, पण तिनं मनावर घेतलं तर?" कुणी मला पेरू द्यायचं, कुणी वाकडं बघायचं. मी आईपाशी हसायची, पण मनातल्या मनात कुठंतरी मलाही वाटायला लागलं होतं की मी नाव घेतलं म्हणूनच त्या नळाला धार लागते. एकोणीस वर्षांची होते, आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. आज हे लिहिताना कान गरम होतात.

बातम्या सुरू झाल्या की माझं काम संपे. आबा यंत्रापाशी थांबत आणि मी चपला अडकवून बाहेर. घरात बसवतच नसे. मी कर्ण्यामागून कर्णा करत गावातून चालत जाई. एका कर्ण्याखाली बातमीचं पहिलं वाक्य, पुढच्याखाली चौथं, आणि शेवटच्याखाली पोचेपर्यंत हवामान. हा नववा कर्णा तेलघाणीजवळ, नाल्याच्या अलीकडे होता. नाल्यापलीकडे कापसाची जिनिंग आणि तिच्या मागे हमालांची वस्ती. तार नाल्यापलीकडे गेलेली नव्हती. त्या कर्ण्याखाली वस्तीतली वीसपंचवीस माणसं रोज उभी असायची. बायकांच्या कमरेवर रिकामे हंडे. जिनिंगच्या हौदावर पहारेकरी पाणी भरू देईल तर देईल, म्हणून त्या हंडे घेऊनच फिरत. मला वाटायचं, बातम्या ऐकायला येतात.

एका संध्याकाळी त्यातली एक उंच, काळीसावळी बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बायजाअक्का. केस निम्मे पिकलेले, केसांत कापसाचे तंतू अडकलेले.

"तूच ना ती कर्णावाली पोर?"

मी फुशारकीनं हो म्हटलं.

"मंग आमनी वस्तीनं नाव काबर लेत नही तू?"

"यादीत नाही ना, अक्का."

"यादी कोन लिखस?"

"पाणीखात्याचे साहेब."

"आन वाचस कोन?"

"मी."

ती एवढंच ऐकून घेऊन मान हलवत राहिली. मग म्हणाली, "चाल, नळ दखाडस तुले." नाल्यावरच्या फरशीवरून तिनं मला पलीकडे नेलं. वस्तीच्या तोंडाशी खरोखर एक नळ होता, चांगला सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला. निवडणुकीआधी नारळ फोडून तो सुरू केला होता, त्या दिवशी घटकाभर पाणी आलं होतं, नंतर नाही. ओट्यावर वाळलेलं कुंकू अजून दिसत होतं. नळाला वासरू बांधलं होतं. बायजाअक्कानं तोटी उघडून दाखवली, बंद केली, पुन्हा उघडून दाखवली. आतून नुसती हवा आली.

पुढचे आठ-दहा दिवस मी हेच घेऊन फिरले. साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, वस्ती अजून कागदावर नाही, कागदावर आली की यादीत येईल. आबांना सांगितलं, तर ते वहीत काहीतरी लिहीत राहिले. रोज यादी वाचायची, रोज शेवटच्या कर्ण्याखाली जायचं आणि रोज त्या बाईनं माझ्याकडे बघायचं. ती रागावत नव्हती, नुसती बघायची. पायांची हालचाल एवढी वाढली की आईनं मला चुलीपासून लांब बसायला सांगितलं. भरीत केलं होतं त्या दिवशीही मी अर्ध्या भाकरीवरून उठले, आणि भरीत सोडून मी उठते म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आईनं ओळखलं, पण विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी यादी वाचत शेवटापर्यंत आले, खाली साहेबांची सही दिसली, आणि सहीवर डोळे ठेवूनच मी पुढे वाचलं, "जिनिंगमागची वस्ती, सकाळी सात ते आठ." माझाच आवाज मला बाहेरून ऐकू आला, चौकातल्या कर्ण्यातून, मग बाजारातल्या, मग लांबून. आबांचा हात बटणावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माइक बंद केला, बातम्या जोडल्या आणि त्या फुटक्या आवाजात विचारलं, "सही कुणाची होती?"

"कुणाची नाही."

"झालेलं होतं?"

"नाही."

बातम्या संपल्यावर ते लगेच दुरुस्ती सांगू शकत होते, दुसऱ्या कुठल्याही चुकीला त्यांनी सांगितली असती. त्या दिवशी नाही सांगितली. का, ते मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

मला काय वाटलं होतं? खरंच सांगते, मला वाटलं होतं की वॉलमन ऐकेल आणि सोडेल. सगळं गाव माझं ऐकतं, एक वॉलमन नाही ऐकणार? सकाळी सहालाच मी फरशीवर जाऊन उभी राहिले. वासरू सोडून दुसरीकडे बांधलं होतं, ओटा धुतला होता, बहुधा हौदाच्याच पाण्यानं. हंडे, घागरी, तेलाचे डबे ओळीनं लावलेले. पोरांची अंघोळ राहू दिली होती, नळाच्या पाण्यानं घालायची म्हणून. सात वाजले, आठ वाजले. जिनिंगचा भोंगा झाला, कुणी हललं नाही. नऊच्या सुमारास काही बाया कामावर गेल्या, त्यांना मुकादमानं उशीर झाला म्हणून दारातून परत लावलं. त्या परत आल्या आणि ओळीत बसल्या. तोटी उघडीच होती. मी तिथं जाऊन सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, उठा. माझी हिंमत झाली नाही. मी पळून घरी आले आणि आईच्या पुढ्यातली ज्वारी निवडायला घेतली, तर तीही खड्यांसकट सुपात टाकत सुटले.

चारच्या सुमारास रेडिओखोलीच्या खिडकीत बायजाअक्का उभी राहिली. मी म्हटलं, आता शिव्या. तिनं गज धरले आणि शांतपणे म्हणाली, "पानी उनं नही."

"अक्का, मी..."

"परत ले नाव."

एवढं बोलून ती गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईला म्हटलं, "तिला अजून वाटतंय, मी पाणी सोडायचं विसरले. त्या सगळ्यांना वाटतंय, मीच पाणी सोडते!" आई म्हणाली, "मग तू त्यांना तसं वाटू का दिलंस?"

पाचला पाणीखात्याचे साहेब स्वतः आले. हातात चिठ्ठी. माझ्याकडे न बघता आबांना म्हणाले, "देसले, वर्षभर पोरीला माइकवर बसवलंत, आम्ही काही बोललो नाही. आता हे निस्तरा. आज तुम्ही स्वतः वाचायचं." मग म्हणाले, "की घसा अजून बसलेलाच आहे? तसं असेल तर सांगा, जकात नाक्यावर माणूस हवाच आहे. तिथं बोलावं लागत नाही."

आबांनी चिठ्ठी घेतली, सही बघितली आणि मानेनंच बरं म्हटलं. साहेब गेल्यावर ते चपला घालून बाहेर पडले. तासाभरानं आले तेव्हा धोतराच्या काठाला नाल्यातला चिखल लागला होता. मला म्हणाले, "किती वाजता लोक नळावर आले, किती वाजता उठले, तू बघितलंस ते सांग." मी सांगितलं. मी शेवटपर्यंत तिथं थांबले नव्हते, तेही सांगितलं. ते म्हणाले, "पुढचं मी विचारून आलोय."

झारा थरथरला. मी बाजूला स्टुलावर बसले. आबांनी नखानं टकटक केली, तीनदा, आणि बोलायला लागले. म्हैस, लस, कीर्तन, सगळं त्यांनी त्या आवाजात वाचलं. आवाज कसला, लाकडावर पत्रा ओढावा तसा. कर्ण्यातून तो आणखीच फाटला. आई पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी म्हणालं, "अरे, आबांना काय झालं?" मग त्यांनी साहेबांची चिठ्ठी वाचली, शब्दन् शब्द, सहीसकट. जिनिंगमागच्या वस्तीचं नाव काल नजरचुकीनं वाचण्यात आलं, नागरिकांनी नोंद घ्यावी. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले. आबांनी बटणावरचा हात तसाच ठेवला.

"आता झालेलं," ते म्हणाले. "नाव काल वाचलं गेलं. आज सकाळी सहापासून वस्तीतली माणसं नळावर बसली. दुपारी बारापर्यंत बसली. चौदा बायांना कामावरून परत लावलं. पाणी आलं नाही. नळ आहे. पाइप आहे. जिनिंगच्या भिंतीलगत लोखंडी झाकण आहे, त्याखाली वॉल आहे. झाकण मी आज स्वतः उघडून बघितलं. वॉल बंद आहे. तो हातानं फिरतो. उद्याचं पाणी." आणि मग त्यांनी नेहमीची यादी वाचली, वस्तीचं नाव नसलेली, जशी सहीनिशी आली होती तशी. शेवटच्या दोन गल्ल्यांना आवाज निघेना. नुसते ओठ हलले. ती दोन नावं मी वाकून माइकमध्ये सांगितली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं नगरपालिकेच्या पटांगणात येऊन बसली. घोषणा नाहीत, काही नाही. विचारेल त्याला एकच वाक्य, "कर्णामा आमनं नाव उनं व्हतं." तेली गल्लीतल्या त्या काकूसुद्धा जाऊन लोखंडी झाकण बघून आल्या आणि खरंच वॉल आहे म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या. आठवड्याभरात वस्तीला पाणी सुटलं. रोज जेमतेम तासभर, धार करंगळीएवढी. पण यादीत नाव आलं, सहीनिशी. त्याच आठवड्यात आबांची बदली धुळे रस्त्यावरच्या जकात नाक्यावर झाली. खोल्या तेवढ्या आमच्याकडे राहिल्या. रेडिओखोलीत एक नवा कारकून आला. आवाज गोड होता, पण नावं भराभर उरकायचा.

मी फरशी ओलांडून वस्तीच्या नळावर गेले ती माफी मागायला. बायजाअक्का हंडा ओट्यावर ठेवून बसली होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला खरं सांगायचंय. पाणी मी सोडत नाही. मी कधीच सोडत नव्हते. मी फक्त वाचायची."

ती इतकी हसली की बाकीच्या बाया वळून बघायला लागल्या.

"माय वं! ते काय माले ठाऊक नही? वॉलमन मना गल्लीमाच ऱ्हास. साहेबनी सांगाबिगर तो हात लावस नही." हसू आवरून तिनं डोळे पुसले. "पानी सोड असं मी तुले कधी सांगं? नाव ले असं सांगं. कर्णामा नाव उनं, ते बठ्ठा गावनी ऐकं. मंग आम्ही नहीच असं कोन म्हनी?"

मी तिथंच ओट्यावर बसले. एवढे दिवस मी त्या लोकांची कीव करत होते, त्यांच्या भोळेपणावर रडले होते. गावात भोळं कुणी असलंच, तर ती माइकवर बसून नळाला धार लावणारी मी होते. बायजाअक्कानं माझ्यापुढे पेलाभर पाणी धरलं. करंगळीएवढ्या धारेचं ते पाणी मी प्यायले, आणि मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

आता पाण्याची वेळ फोनवर येते. जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात तो फोन मांडीशी ठेवून मी बसते, पाय अजून हलतात, गुडघे मात्र कुरकुरतात. कर्णे कधीच उतरवले, खांबांवर आता केबलच्या तारा आहेत. पण संध्याकाळी पावणेसातला मला अजून घरात बसवत नाही.

आबांची बदली झाली तो जकात नाका गावाबाहेर होता, तिथं कर्ण्याचा आवाज पोचत नसे. आबा साडेसातला सायकलवरून घरी येत, हातपाय धुऊन ताटावर बसत आणि भाकरीला हात लावण्याआधी मला विचारत, "नाव वाचलं का?" मी म्हणायची, "वाचलं." मगच ते भाकरी मोडत. सगळ्या दिवसात त्यांचा घसा तेवढंच एक वाक्य बोलायचा. असं दोन-तीन महिने चाललं. आणि एका संध्याकाळी कारकुनानं यादी वाचली आणि वस्तीचं नाव आलंच नाही. आबा आले तेव्हा घामानं भिजलेले होते. नाक्यावर दिवसभर उभे राहून पाय सुजलेले. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी आणि उडदाची डाळ वाढली होती. त्यांनी विचारलं, "नाव वाचलं का?" आई माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे सांगत होते, हो म्हण. मलाही म्हणायचं होतं. एकदा, एका जेवणापुरतं.

"नाही वाचलं," मी म्हटलं.

आबा ताटावरून उठले, कोनाड्यातली टोपी घेऊन वस्तीकडे जायला चपला शोधायला लागले. त्यांना एक सापडली, दुसरी मी पुढे सरकवली आणि माझ्याही चपला पायात घातल्या. आईनं दोन्ही ताटं झाकून ठेवली.